शंभर चौरस सेंटीमीटर

२१ फेब्रुवारी

शहाणीस,

तुझं चार पानी पत्र मिळालं. त्यात आमच्या खात्याबद्दल नऊ प्रश्न आहेत, तिथल्या थंडीबद्दल दोन ओळी आहेत आणि ‘साहेब’ हा शब्द सात वेळा आहे. मोजायचं काम मी सव्वीस वर्षं करतोय, तेव्हा आकड्याबद्दल वाद घालू नकोस.

आधी प्रश्न. हो, आम्ही अजून दहा बाय दहाची पत्र्याची चौकटच वापरतो. चौकट टेबलावर ठेवायची, आतल्या जागेवर गोल कागद घासायचा, कागद यंत्रात टाकायचा आणि येईल त्या आकड्याला शंभरने भागायचं. मग दहाने गुणायचं, कारण सांडलेल्या किरणोत्सारी द्रव्यातलं दहातलं एकच कागदावर येतं आणि बाकीचं टेबलालाच धरून बसतं असं आपण मानतो. हे मानायला तुला मीच शिकवलं. तेव्हा तू हातमोजा बोटांच्या टोकाला धरून ओढायचीस आणि मी सगळ्यांदेखत ओरडायचो. आता तू परदेशातल्या नियामक कचेरीत बसून कुठला देश किती डाग चालवून घेतो याचा तक्ता करतेस आणि मी इथे हॉस्पिटलच्या तळघरात तेच टेबल पुसतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. हाक बाई, मी आहेच शेळ्यांच्या मागे फडकं घेऊन.

तुझा तक्ता मात्र मी दोनदा वाचला. कुणी शंभर चौरस सेंटीमीटरवर सरासरी काढतं, कुणी तीनशेवर, जमिनीसाठी कुणी हजारावर. कुणी सगळ्या द्रव्यांना एकच मर्यादा लावतं, कुणी प्रत्येकाला वेगळी. कुणी कागदावर निघेल तेवढंच धरतं, कुणी चिकटून बसलेलंही मोजतं. म्हणजे एकाच डागाला एका देशात दंड आणि शेजारच्या देशात माफी! मला हसू आलं, कारण आपल्या दोघांत हेच चालतं. साहेबांबरोबर महिन्यात तीन कॉफ्या झाल्या. तू म्हणशील, महिन्यावर पसरून बघ, काहीच नाही. मी म्हणतो, ज्या दिवशी प्यायलीस त्या दिवसापुरतं मोज.

हे साहेब उंच आहेत असं तूच लिहिलंस. हॉस्पिटलांच्या आयोडीन वॉर्डांची तपासणी करतात, रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन पाजलं की दारात मीटर घेऊन उभे राहतात, गाडी स्वतः चालवतात, आणि बोलतात कमी. माझ्याबद्दल तू कुणाला लिहीत असलीस तर एवढं सविस्तर लिहितेस का?

फोन बंद करून दीड महिना झाला. ‘तू फोनवर उलटतपासणी घेतोस, काय विचारायचं ते लिहून विचार,’ असं तू जानेवारीत कळवलंस. बरं. लिहून विचारतो. उंच साहेबांना बायकामुलं आहेत का?

तुझा
पुसऱ्या

१२ मार्च

काल तुझं पत्र आलं. अजून वाचलेलं नाही, का ते सांगतो.

सकाळी निघताना पोस्टमन जिन्यात भेटला. पत्र जाकिटाच्या आतल्या खिशात घातलं, जाकीट बाहेरच्या खोलीतल्या कपाटात टांगलं. दिवसभर तिथेच होतं. सुटताना नेहमीप्रमाणे मीटर अंगावरून फिरवला. हात, बाह्या, बूट. छातीपाशी आला आणि किरकिरायला लागला. मागे रांगेत चार जण. सव्वीस वर्षांत मीटर माझ्या अंगावर वाजला नव्हता. तो इतरांवर वाजायचा आणि मी त्यांना सोलून काढायचो. काल ते सगळे माझ्याकडे बघत होते आणि भांडारातला हिशेबनीस म्हणाला, “काय हो, दिव्याखाली अंधार?”

जाकीट काढलं. पेन काढलं, गप्प. किल्ल्या काढल्या, गप्प. तुझा लिफाफा काढला आणि मीटर वाजला.

मी तो पिशवीत घातला, परत आत गेलो आणि नऊ नमुने घेतले. आतला कागद स्वच्छ. पुढची बाजू स्वच्छ. डाग आहे तो मागे, झाकणाच्या पट्टीवर. आणि तो आयोडीनचा आहे. यंत्राच्या पडद्यावर आलेखाचं शिखर जिथे आलं तिथे दुसऱ्या कुठल्या द्रव्याचं येत नाही.

सरासरी शंभरवर काढली तर आमच्या नियमाने लिफाफा पास होतो. तुझ्या तक्त्यातल्या ज्या देशात डाग पडला तेवढीच जागा धरतात, तिथे नापास. आमच्या नियमामागे लपणार असशील तर खुशाल लप.

तुझ्या कचेरीत कागद आहेत, संगणक आहेत, कॉफीचं यंत्र आहे. ‘इथे द्रव्य हाताळायला मिळत नाही, हात शिवशिवतात,’ हे तुझंच वाक्य. मग लिफाफा बंद करताना तो कुठल्या टेबलावर ठेवला होतास? आयोडीन जिथे असतं तिथे उंच साहेब असतात. त्यांचं टेबल, त्यांचा कोट, त्यांची गाडी, ते तू ठरव.

मी कधी दाराला कान लावला नाही. तुझी कपाटं उचकली नाहीत. पुरावा आपल्या पायांनी चालत माझ्या खिशात आला. दोन महिने फोन नाही, आवाज ऐकू द्यायला नको, मी मूर्ख म्हणून मानलं की माझ्या स्वभावामुळे. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही.

बावीस वर्षं झाली लग्नाला. परत यायचं असेल तर त्या माणसाला निरोप देऊन ये. नसेल यायचं तर तसं एका ओळीत लिही, मी तुझं सामान तुझ्या आईकडे पोचवतो. हे पत्र आत्ताच पेटीत टाकतोय, उद्या माझं मन बदलायला नको म्हणून.

सही करत नाही.

१७ मार्च

तुझं पुढचं पत्र आज आलं. शिक्क्यावर तारीख आठ मार्च आहे, म्हणजे माझं पत्र मिळायच्या आधीचं. आधीच्यावर दोन मार्च होती. दोन्ही बरोबर नऊ दिवस प्रवासात होती, त्यामुळे तुलना सरळ होते. यातही डाग पट्टीवरच आहे, पण पहिल्याचा दहावा हिस्सा.

भेटी कमी झाल्या वाटतं? की भांडण झालं? की साहेबांनी टेबल धुतलं? खरं सांगतो, आकडा बघून मला बरं वाटलं. नमुना परत लावला, परत तेवढाच, परत बरं वाटलं. जेवणाच्या सुट्टीत मी

तीच तारीख, चार वाजता

वरचं वाक्य कसं पुरं करणार होतो ते आठवत नाही.

मध्येच अक्का आल्या. आपल्या आयोडीन वॉर्डाच्या. तू गेल्यावर त्यांना मुख्य सिस्टर केलं. वॉर्डातल्या चादरी मोजून हव्या होत्या त्यांना. यंत्राशेजारी दोन लिफाफे बघितले, वर तुझं अक्षर ओळखलं.

“बायकोची पत्रं मोजतोस होय? लाज नाही वाटत?”

मी म्हटलं, “बघा तरी काय निघालंय.” आणि सगळं सांगितलं. सव्वीस वर्षांत त्यांच्याशी चादरींपलीकडे बोललो नव्हतो, पण सांगितलं. साहेबांचंही सांगितलं.

“पट्टीवर कुठे आहे?”

“सगळीकडे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सारखं.”

“टेबलाचा डाग असा रेघ ओढल्यासारखा लागतो होय रे? डिंक आहे तो. जीभ फिरवलीय त्यावरून.”

मी लिफाफा उलटून पट्टी परत बघितली.

“आणि उतरलं किती म्हणालास?”

“सहा दिवसांत दहावा हिस्सा उरला.”

“टेबलावरचं आयोडीन निम्मं व्हायला आठ दिवस घेतं. हे मी तुला सांगायचं की तू मला? टेबल लघवीला जात नाही, गाढवा. हे माणसाच्या अंगातून उतरतंय.” मग त्यांनी खुर्ची ओढली, मला बसवलं आणि आवाज खाली आणला. “थुंकीत आलंय म्हणजे प्यायलेलं आहे. कुणी हौस म्हणून पीत नाही. गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली की उरलंसुरलं जाळायला पाजतात ते. तिच्या गळ्याचं ऑपरेशन कधी झालं, ते विचार तिला.”

जानेवारीत. जानेवारीतच फोन बंद झाला. गळ्याच्या ऑपरेशननंतर काही दिवस आवाज बसतो, हे आपल्या वॉर्डातला झाडूवालाही सांगेल.

चादरी तशाच पडल्यात. अक्का म्हणाल्या, राहू दे.

१८ मार्च

शहाणे,

आज सकाळी आधी पोस्टात गेलो. बारा तारखेला पेटीत टाकलेलं पत्र परत मिळेल का विचारलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “पेटीत पडलं की ते ज्याच्या नावाचं त्याचं.” मी त्यांच्याशी भांडलो. उगाच.

म्हणजे ते तुला मिळणार. खवखवण्याची म्हण मी ज्या गळ्याला लिहिली, त्या गळ्यावर टाके आहेत. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते आणि मारून काही उपयोग नाही.

आता नीट उत्तरं दे. गाठ कधी लक्षात आली? जाण्याआधी की तिथे गेल्यावर? ग्रंथी पूर्ण काढली की अर्धी? आयोडीन किती दिलं? मात्रा लिही, आकडा लिही, ‘थोडं’ असं लिहू नकोस. नंतरच्या तपासणीत कुठे कुठे दिसलं? तुमच्याकडे दुसऱ्याच दिवशी हातात सूचनांचा कागद देऊन घरी सोडतात, हे तुझ्याच तक्त्यात आहे. आमच्याकडे मीटर उतरेपर्यंत खोलीतून हलू देत नाहीत. इथे असतीस तर तो लिफाफा अक्कांनी दारातच अडवला असता आणि मला तळघरातच कळलं असतं. चार भिंतींच्या भाड्याच्या खोलीत तू एकटी ते अंगात घेऊन बसली होतीस की कुणी येत होतं?

बघ, आलं ना परत. येणारच. मला उंच माणसाचा राग अजून आहे, फक्त त्याचं कारण बदललं. तुझ्या वॉर्डाच्या दारातही मीटर घेऊन तोच उभा असणार, म्हणजे त्याला कळलं होतं. त्याला आधी कळलं होतं! मी तुझा नवरा, मी याच धंद्यातला, माझ्या हाताखाली अशा दोनशे खोल्या मोजल्या गेल्यात. मला कळायला मीटर वाजावा लागला. दारात उभं राहून तुझ्यासमोर मीटर धरायचा तर तो मी धरायला हवा होता. त्याच्या हातात तो काटा कसा हलत होता ते त्याला माहीत आहे आणि मला नाही, हे मला सहन होत नाही.

घरी त्याच्याच गाडीने गेलीस का? अशा रुग्णाने मागच्या सीटवर, चालवणाऱ्याच्या तिरप्या कोपऱ्यात बसायचं असतं, होता होईल तितकं लांब. बसली होतीस ना? आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या नियमाबद्दल माया वाटली.

आणि एक सांगायचं राहिलंय, ते आता सांगून टाकतो, कारण तू लपवलंस म्हणून मी ओरडतोय. तू जिथे बसली आहेस त्या जागेसाठी मीही अर्ज केला होता. तुझ्या अर्जाच्या आठवडाभर आधी. मला नकाराचं पत्र आलं त्याच दिवशी तुला होकाराचं आलं. तू पेढे वाटावेत तशी घरभर नाचत होतीस आणि मी माझं पत्र बुटांच्या खोक्यात ठेवत होतो. तुला निरोप द्यायला आलो नाही ते कामामुळे नाही. म्हणजे साहेब नसते तरी मी जळतच होतो. साहेब मिळाले, त्यांच्यावर ढकललं.

लवकर उत्तर दे. आकड्यांसकट.

पुसऱ्या

१० एप्रिल

प्रिय,

तुझं उत्तर परवा मिळालं. लिफाफा चिकटपट्टीने बंद केलेला होता. समजलो.

दोन दिवस लिहायला बसतोय. तुझं पत्र दीड पानाचं आहे आणि त्यात मला हवे असलेले सगळे आकडे आहेत, ओळीने, विचारले त्या क्रमाने. गाठ तू तिथे गेल्यावर महिनाभराने हाताला लागली. ग्रंथी पूर्ण काढली. मात्रा लिहिलीस. तपासणीत गळ्यापलीकडे कुठे दिसलं नाही, सहा महिन्यांनी परत बघतील. हे वाक्य मी अक्कांना फोनवर वाचून दाखवलं, त्यांच्याकडून परत म्हणवून घेतलं. गाडीत तू मागे तिरप्या कोपऱ्यात बसली होतीस आणि साहेबांनी सगळ्या काचा खाली केल्या होत्या, हेही लिहिलंस. त्यांची बायको त्यांच्याहून उंच आहे आणि तिने तुझ्या दाराबाहेर पाच दिवस डबा ठेवला, हेही. मी विचारलं होतं, म्हणून लिहिलंस.

हॉस्पिटलच्या कागदावर ‘जवळची व्यक्ती’ या ओळीत तू आधी माझंच नाव लिहिलं होतंस. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, हे गृहस्थ तासाभरात येऊ शकतात का, आणि तुला ते खोडावं लागलं. मी ते वाक्य वाचलं आणि पत्र घडी करून ठेवलं. त्या कारकुनाचाही मला राग आला. मग राग येईल असं कुणी उरलंच नाही.

मला का सांगितलं नाहीस तेही कळलं. मी बूट दाराबाहेर काढतो, कामाचे कपडे तिथेच ठेवतो, तरी मी म्हणणार की हे माझ्याच हातांनी घरात आलं. डॉक्टरांनी तुला तीनदा सांगितलं की त्याचा याच्याशी संबंध नाही, हे असं कुणालाही होतं. तू म्हणतेस, मी तीनदा ऐकून थांबलो नसतो. खरं आहे. कालच मी आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चौकट ठेवून कागद घासला. मागच्या खिडकीच्या कठड्यावर, तुझ्या कपाटाच्या मुठीवर. बावीस कागद झाले. सगळे स्वच्छ. मग मी जमिनीवर बसलो आणि मला रडू आलं. शेजारची म्हातारी दार वाजवून गेली, मी उघडलं नाही.

लिफाफ्याबद्दल तू लिहिलंस, “चमचे वेगळे ठेवले, टॉवेल वेगळा ठेवला, उशीला प्लॅस्टिक घातलं. लिफाफा विसरले. कुठल्याच देशाच्या नियमात लिफाफ्याचा रकाना नाही. किंवा विसरले नसेनही, मलाच सांगता येत नाही.” ते मी पन्नास वेळा वाचलं. तुला वाटलं होतं का, की मला कळेल? आणि मला कळलं ते काय, तर साहेबांचं टेबल!

पण ज्या ओळीवर मी अडकलोय ती शेवटची आहे. “तू पट्टी मोजलीस, तारखा मोजल्यास, मात्रा विचारलीस. तुझे प्रश्न नेहमी असे असतात की उत्तर तुला आधीच ठाऊक असतं आणि मी ते चुकते का एवढंच तुला बघायचं असतं. येऊ नकोस. मला थोडे दिवस कुणी तपासायला नकोय.”

मी माझी पत्रं आठवून बघितली. खरं आहे. अठरा तारखेला सगळं कळल्यावरसुद्धा, इतकं विचारलं आणि जे कुणीही परका माणूस आधी विचारेल ते विचारलं नाही.

महिन्याची रजा मंजूर झाली आहे. सव्वीस वर्षांत इतकी रजा मी कधी मागितली नव्हती, आमच्या खातेप्रमुख बाईंना वाटलं मी राजीनामा देतोय. तिकीट काढलेलं नाही. मी आता तडक निघालो तर तीही तपासणीच होईल, हे मला कळतं. आणि नाही निघालो तर इथे बसून साहेबांच्या उंच बायकोवर जळत राहीन, हेही कळतं. माझ्या जागी डबा ठेवायला ती गेली. माझं हे असं आहे, ते एका पत्रात सुधारणार नाही, तुला माहीत आहे. पण आज दोन प्रश्न विचारतो. दोन्हीचं उत्तर मला खरंच माहीत नाही, आणि जे येईल ते मी ऐकेन.

कशी आहेस?

येऊ का?